कॉमिक कॉनमध्ये पहिल्यांदाच टेबल लावलं : माझं मालवणी कॉमिक आणि ते दोन दिवस

सुरंगी

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते. मागच्या वर्षी 'मालवणीतून कॉमिक छापायचं म्हणतेय, कोणी वाचेल का?' असा एकच धागा काढला होता. तुम्ही इतकं भरभरून लिहिलंत की पुढे काय झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. लांबलचक होईल, सवडीने वाचा.

नव्या लोकांसाठी थोडक्यात: मी कुडाळजवळच्या एका गावात राहते, शाळेत चित्रकला शिकवते. कॉमिकची गोष्ट साधी आहे. शेवटची एसटी चुकलेली एक मुलगी रात्री चालत घरी निघते आणि गावचा राखणदार (गावाची राखण करणारा, न दिसणारा आत्मा) काठी आपटत तिच्या मागून येतो. तो तिला घाबरवायला येतो की सोडायला, ते कळेपर्यंत चोवीस पानं. संवाद सगळे मालवणीत.

मुंबई कॉमिक कॉनच्या (कॉमिक आणि त्यांच्या चाहत्यांचा मेळा) 'आर्टिस्ट अ‍ॅली'साठी (चित्रकार आपापलं काम विकायला मांडतात ती टेबलं) अर्ज भरला, चित्रांचे नमुने पाठवले आणि विसरून गेले. निवड झाल्याचा मेल आला तेव्हा मी नववी 'ब'च्या वर्गात होते. मुलांना सांगितलं तर त्यांनी बाकं बडवली.

छपाई घरापासून लांबच्या एका छापखान्यातून करून घेतली. पहिलीच वेळ, त्यामुळे एक नमुना प्रत हातात घेऊन, पान न् पान उलटून बघायची असते हे डोक्यातच आलं नाही. गठ्ठे आले ते थेट निघायच्या दिवशी. मी आणि धाकटा भाऊ गुरुवारी रात्री कोकणकन्येत बसलो. रत्नागिरी गेल्यावर झोप येईना म्हणून एक गठ्ठा सोडला, वरची प्रत उघडली आणि पोटात गोळा आला. सातव्या पानावर मुलीला पहिल्यांदा काठीचा आवाज येतो. तिथे सतरावं पान होतं, देवळातल्या गाऱ्हाण्याचं (एकाने देवाला साकडं घालायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं). आणि गाऱ्हाण्याच्या जागी काठीचा आवाज. भूत दिसायच्या आधीच गाव देवाला गाऱ्हाणं घालून मोकळं!

भाऊ शांत डोक्याचा आहे. त्याने प्रत उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "ताई, पानं चुकीची छापलेली नाहीत. एक कागद उलटा दुमडलाय." मधोमध पिना मारलेल्या पुस्तकात एका कागदावर चार पानं असतात. माझ्या चोवीस पानांत ७, ८, १७ आणि १८ ही चार एकाच कागदावर होती. तो कागद आतली बाजू बाहेर करून दुमडला गेला की सात-आठच्या जागी सतरा-अठरा येतात. म्हणजे पिना उघडून, तेवढा एक कागद काढून, सुलट दुमडून परत घातला की पुस्तक बरोबर!

दीडशेपैकी अडतीस प्रती तशा निघाल्या. भावाकडे चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारका पेचकस होता. त्याच्या टोकाने पिनेचे दोन्ही पाय सरळ करायचे, पिना बाहेर ओढायच्या, कागद फिरवायचा, पुन्हा त्याच भोकांतून पिना घालायच्या आणि पाय अंगठ्याच्या नखाने आत दाबायचे. पहिल्या प्रतीला दहा मिनिटं लागली, नंतर नंतर दोन-तीन. समोरच्या बर्थवरच्या काकूंनी विचारलं, "काय करताय गो?" सांगितल्यावर त्यांनी मोबाइलचा दिवा धरला तो पनवेलपर्यंत. दोन्ही अंगठ्यांची नखं आठवडाभर दुखत होती. पण ते चोवीस पानी पुस्तक तेव्हा खऱ्या अर्थाने माझं झालं असं मला वाटतं. प्रत्येक घडी कुठे आहे ते हातांना कळलं.

शुक्रवार डोंबिवलीला मावशीकडे. संध्याकाळी जाऊन टेबल मांडलं. मी घरून रंगीत चादर, पुठ्ठ्याच्या टोपल्या, पोस्टकार्डांसाठी लाकडी खाचा असं सगळं नेलं होतं. सगळं आडवं! मांडून दहा पावलं मागे गेले तर माझ्या टेबलावर काहीच दिसेना, नुसती चादर. शेजारी बेंगळुरूहून आलेली एक चित्रकार होती, तिची ही सहावी-सातवी वेळ. तिने तिच्याकडची जास्तीची लोखंडी जाळी आणि मूठभर क्लिपा न मागता दिल्या. जाळी उभी केली, त्यावर मोठी चित्रं डोळ्यांच्या उंचीला लावली, तेव्हा कुठे ते दुकान वाटायला लागलं. तिचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

शनिवारी दारं उघडली आणि लोंढा आला. आवडत्या पात्रांचे वेष करून आलेले लोक: तलवारी, पंख, निळे केस, पुठ्ठ्याची चिलखतं. मी खुर्चीत बसून मान खाली घालून स्केचबुकात काढत होते, कारण लोकांकडे बघायची लाज वाटत होती. दोन तासांत विकलं काय, तर सोबत ठेवलेले अ‍ॅनिमेतल्या (जपानी कार्टून मालिकांतल्या) पात्रांचे स्टिकर. येणारा बोटाने दाखवायचा, क्यूआर स्कॅन करायचा, निघून जायचा. कॉमिकला हात कोणी लावला नाही. एका मुलाने उचललं, "ओह, मराठी" म्हणाला आणि ठेवलं.

जेवणाच्या सुमाराला एक आजी आल्या. नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, पायांत कापडी बूट. नातवाने कसलासा झगा आणि लाकडी तलवार असा वेष केला होता, त्याच्यामागून त्या दमून चालत होत्या. मी त्यांना माझी खुर्ची दिली. बसल्या बसल्या त्यांनी समोरची प्रत उचलली, चष्मा चढवला आणि वाचायला लागल्या. ओठ हलत होते. सतराव्या पानावर थांबल्या आणि वर बघून म्हणाल्या, "गो बाय, गाऱ्हाणा काय मनातल्या मनात वाचूचा असता?"

आणि त्यांनी तिथेच सुरू केलं. खणखणीत आवाजात.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक रातीच्या येळाक घरात सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

माझ्या आणि भावाच्या तोंडून आपोआप निघालं, "व्हय म्हाराजा!"

"तिच्या वाटेत काय आडवा इला तर ता तू दूर कर रे म्हाराजा!"

या वेळी 'व्हय म्हाराजा' म्हणणारे आम्ही दोघंच नव्हतो. मागून आवाज आला. वळून बघते तर डोक्याला लोखंडी पट्टी बांधलेला, केशरी जाकिटातला एक निन्जा. कणकवलीचा निघाला! तिसऱ्या ओळीला सात-आठ जण झाले. ज्यांना मालवणीचं अक्षर कळत नव्हतं तेही शेवटचे दोन शब्द ओरडत होते. आजींनी पान संपवलं, पुस्तक मिटलं, पदरात बांधलेले पैसे सोडून दीडशे रुपये मोजून दिले. मी घेत नव्हते तर रागावल्या.

त्यानंतर मी खुर्चीत बसले नाही. एक प्रत छातीशी उघडी धरायची, चित्रावर बोट ठेवायचं आणि पहिली सात पानं मोठ्याने सांगायची. एसटी गेली, कंदील विझला, काठी वाजली. तिथे थांबायचं. लहानपणी पिंगुळीला चित्रकथी बघितली होती, ती मांडी घालून बसलेल्या माणसाने एकेक चित्र समोर धरून गोष्ट सांगण्याची रीत माझ्या अंगात कुठेतरी होती. ती मला त्या दिवशी सापडली. गोष्ट ऐकलेला माणूस आठवं पान बघितल्याशिवाय जात नव्हता. मराठी न येणारेही घेऊन गेले. एका गुजराती मुलीने संवादाच्या प्रत्येक फुग्याचा अर्थ माझ्याकडून पेन्सिलने लिहून घेतला.

हिशेब विचाराल म्हणून सांगते. दीडशेपैकी ६१ प्रती गेल्या, पहिली आजींची, बाकी सगळ्या त्यांच्यानंतर. दीडशे रुपयांप्रमाणे ९,१५०. ए४ आकाराची चित्रं ३४, दोनशेला एक. स्टिकर, बिल्ले, पोस्टकार्ड धरून एकूण विक्री पावणेसत्तावीस हजारांच्या आसपास. छपाईला सव्वाअठरा हजार गेले होते, टेबलाचं भाडं आणि प्रवास वेगळा. हातात काही उरलं नाही, थोडे पदरचेच गेले. पण ८९ प्रती आणि बरीचशी चित्रं अजून माझ्याकडे आहेत.

बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देते.

---

शाईचा_डाग

सुरंगी, गाऱ्हाण्याचा प्रसंग वाचताना अंगावर काटा आला. मनापासून अभिनंदन.

माझा प्रश्न तांत्रिक. तुझी रात्रीची पानं गडद निळी-हिरवी आहेत ना? छापून कशी आली? माझी पडद्यावर सुंदर दिसणारी चित्रं छापली की चिखल होतात.

---

सुरंगी

आभार! माझाही पहिला नमुना चिखलच होता. (हो, चित्रांचा नमुना काढला होता, पुस्तकाचा नाही. शहाणपण अर्धवट होतं.) पडदा लाल-हिरव्या-निळ्या उजेडाने रंग दाखवतो, छापखाना चार शायांनी. पडद्यावरचा झगझगीत निळा किंवा पोपटी त्या चार शायांत येतच नाही. मी फाइल सुरुवातीलाच सीएमवायकेमध्ये (म्हणजे त्याच चार शायांच्या रंगांत) उघडून काढायला हवी होती. नंतर सगळी पानं बदलली, रात्र थोडी उजळ केली आणि काळ्यात थोडा निळा मिसळला. मॅट लॅमिनेशनने गडद रंग आणखी मंद दिसतात, तेही धरून चाल.

आणखी दोन गोष्टी: चित्र छापायच्या आकारात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) असू दे, आणि चारी बाजूंनी ३ मिमी जास्त रंग सोड. कटिंगला कागद केसभर सरकतोच. जास्तीचा रंग नसेल तर कडेला पांढरी रेघ दिसते. चित्रांना ३०० जीएसएमचा जाड कागद वापरला, हातात घेतल्यावर वजन लागतं, लोक उलटसुलट करून बघतात.

---

जुनी_ट्रंक

मी साठीला आलेला वाचक. फेब्रुवारी २०११मध्ये दिल्लीत, दिल्ली हाटमध्ये जे पहिलं कॉमिक कॉन भरलं त्याला मी होतो. कामानिमित्त दिल्लीत राहत होतो. उघड्यावर मांडलेले स्टॉल, थंडी, आणि एका कोपऱ्यात खादाडी. आजच्या मानाने फारच छोटं. पण तिथे अमर चित्र कथेच्या अनंत पै यांचा जीवनगौरव पुरस्काराने सन्मान झाला. १९६७पासून ज्या माणसाने आपल्याला चित्रांतून गोष्टी वाचायची सवय लावली, तो त्यानंतर आठवडाभरातच, २४ फेब्रुवारीला गेला. आजही ती तारीख आली की मला दिल्ली हाट आठवतं.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. आपण म्हणतो की मराठीत कॉमिकची परंपरा नाही. पण अमर चित्र कथेतली आणि टिंकलमधली चित्रं काढली कोणी? राम वाईरकर, प्रताप मुळीक, वसंत हळबे, दिलीप कदम. सुप्पंडी वाईरकरांच्या हातचा, शिकारी शंभू हळब्यांचा. मुळीक तर पुण्यात बसून हिंदी वाचकांसाठी नागराजही काढत होते. हात मराठीच होते, फुग्यातली भाषा तेवढी दुसरी होती. सुरंगीने फुग्यातही आपली भाषा आणली, याचं मला फार मोल वाटतं.

---

तिरफळ

सुरंगी, मी पिंगुळीच्या शेजारच्या गावचा. तू चित्रकथीचं लिहिलंस म्हणून राहवलं नाही.

ठाकर समाजातल्या घरांत या चित्रांच्या पोथ्या पिढ्यान् पिढ्या सांभाळल्यात. सुटे कागद, दोन-दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एक बाजू सांगून झाली की फिरवायची. सोबत वीणा, टाळ, हुडूक. रामायण-महाभारतातले प्रसंग, आणि मधेच गावातल्या कुणाची तरी टिंगल. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या पंचक्रोशीत पेढे वाटले. त्यांच्या घराजवळच्या 'ठाकर आदिवासी कला आंगण' या संग्रहालयात अजून या पोथ्या बघायला मिळतात, कळसूत्री बाहुल्याही.

माझं म्हणणं एवढंच की तू हे नकळत केलंस, आता जाणूनबुजून कर. एक मोठ्या आकाराची प्रत बनव, ए३ची, सुट्या पानांची. टेबलापाशी उभं राहून तीच फिरवत सांग. लहान प्रत विकायला.

---

सुरंगी

तिरफळ, तुम्ही हे लिहिलंत आणि मी रात्री बारा वाजता उठून कागद मोजायला लागले. पाठीला पाठ लावलेली चित्रं! हे मी बघितलं होतं, पण त्याचा उपयोग लक्षात आला नव्हता. पुढच्या सुट्टीत पिंगुळीला जाऊन नीट बसून बघते आणि त्यांना विचारूनच करते. ही त्यांची विद्या आहे.

---

काळा_कोट

अनुभव सुंदर. पण एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण हा धागा वाचून अनेक जण टेबल लावतील.

दुसऱ्यांच्या पात्रांचे स्टिकर विकणं कायद्याने सुरक्षित नाही. आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. पात्राच्या चित्रावरून नवं चित्र करण्याचा हक्क मूळ मालकाचा असतो. कलम ५२मध्ये ज्या सवलती आहेत त्या खासगी वापर, अभ्यास, टीका-समीक्षा अशा कारणांसाठी, विक्रीसाठी नाहीत. 'सगळेच विकतात' हे खरं आहे, आणि मालक बहुधा दुर्लक्ष करतात हेही खरं. पण दुर्लक्ष म्हणजे परवानगी नव्हे.

ज्यांना ओळखीचं काहीतरी विकायचंच आहे त्यांच्यासाठी मोकळं रान खूप मोठं आहे. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले; त्यांची चित्रं केव्हाच सर्वांची झाली. पुराणं, लोककथा, दशावतार, कोणाच्या मालकीचे नाहीत. आणि सुरंगीसारख्या स्वतंत्र कामाचा हक्क काढल्या क्षणापासून तुमचा. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते.

आणखी एक, करांचं. स्वतःच्या राज्यात अशी लहान विक्री करणाऱ्याला सहसा जीएसटी नोंदणीच्या मर्यादेची चिंता नसते. पण दुसऱ्या राज्यात चार दिवस टेबल लावलं तर 'कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन' (तात्पुरता व्यवसाय करणारी करपात्र व्यक्ती) म्हणून उलाढाल कितीही असली तरी नोंदणीचा प्रश्न येतो. बेंगळुरू-हैदराबादचा बेत असेल तर आधी सीएशी बोला.

---

निळी_पेन्सिल

काळा_कोट, कायदा मान्य. पण मनातलं सांगते. मी बारावीत नापास झाले तेव्हा वर्षभर घरात बसून एकाच मालिकेतली पात्रं काढत होते. त्याच चित्रांमुळे माझ्यासारख्याच मुली भेटल्या, त्यांनी धीर दिला, मी परत परीक्षा दिली. टेबलावर ती चित्रं ठेवते तेव्हा पैशापेक्षा 'तुलाही हे आवडतं?' हे विचारायला ठेवते. फॅन कन्व्हेन्शनमधून फॅननाच बाहेर काढायचं म्हटलं तर राहिलं काय?

---

काळा_कोट

तुमच्या भावनेबद्दल मला आदरच आहे, आणि त्या काळात चित्रांनी तुम्हाला सावरलं याचा आनंद आहे. काढण्यावर माझा आक्षेप नाही, भेट देण्यावर तर मुळीच नाही. विक्री सुरू झाली की जोखीम तुमच्या नावावर येते, एवढंच तुम्हाला माहीत असावं.

---

सुरंगी

दोघांचंही पटलं. माझ्यापुरतं सांगते. दोन दिवसांत स्टिकर घेणाऱ्या बहुतेकांनी बाकीच्या टेबलाकडे बघितलंही नाही. ते त्या पात्राकडे आले होते, माझ्याकडे नाही. पुढच्या वेळी मी राखणदाराचे, शेवटच्या एसटीचे, कंदिलाचे स्टिकर करणार. कंदिलाचं एक पोस्टकार्ड होतं, त्याच्या सगळ्यात जास्त प्रती गेल्या आणि घेणारी मुलं विचारायची, 'ही कुठली गोष्ट?' मग कॉमिक दाखवायला जागा मिळायची. निळी_पेन्सिल, तुझ्या टेबलावर मात्र मी नक्की येणार आहे. तुझं ते नापास झालेलं वर्ष चित्रांत आण ना. मी पहिली प्रत घेईन.

---

पूर्वेचा_वारा

तोक्योहून लिहितोय. इथल्या कॉमिकेला, म्हणजे स्वतः छापलेल्या कॉमिकांच्या मोठ्या बाजाराला, मी तीन वेळा वाचक म्हणून गेलोय. सुरंगीच्या अनुभवातल्या काही गोष्टी तिथल्या रिवाजांशी जुळतात म्हणून सांगतो.

कॉमिके २१ डिसेंबर १९७५ला सुरू झालं तेव्हा ३२ गट आणि सुमारे सातशे माणसं होती. आता ते वर्षातून दोनदा, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरच्या शेवटी, तोक्यो बिग साइटला भरतं आणि गर्दी लाखांत असते. पण एका गटाच्या वाट्याला जागा किती, तर ९० बाय ४५ सेंटिमीटर. अर्धं टेबल! तेवढ्यात लोक अख्खं जग मांडतात, आणि तेही बहुतेक उभ्यानेच: पुठ्ठ्याची घडीची शिडी, मागे खांबावर एक मोठं चित्र. तुमच्या बेंगळुरूच्या शेजारणीने जे शिकवलं तेच.

तिथे टेबलावर एक वाचायची प्रत वेगळी ठेवतात, त्यावर तसं लिहिलेलं असतं. येणारा विचारतो, 'बघू का?', उभ्या उभ्या दोन-चार पानं वाचतो, पटलं तर घेतो, नाही तर वाकून आभार मानून ठेवतो. घेतलं नाही म्हणून कोणाला वाईट वाटत नाही. विकणारा आणि घेणारा असा भेदच करत नाहीत, सगळ्यांना 'सहभागी' म्हणतात. कॉमिकेत 'गिऱ्हाईक' कोणी नसतं असं ते आवर्जून सांगतात. दिवस संपल्याची घोषणा झाली की अख्खं सभागृह टाळ्या वाजवतं. पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

---

सुरंगी

वाचायची वेगळी प्रत! ही मला नव्हती सुचली. रविवारी संध्याकाळपर्यंत माझ्या हातातल्या प्रतीचे कोपरे पार मऊ झाले होते, ती विकणं शक्यच नव्हतं. आता तीच 'वाचायची प्रत' म्हणून ठेवीन.

---

घरचा_अभ्यास

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, दिवसरात्र काढत असते. टेबल लावायचंय म्हणून हट्ट धरून बसलीय. पाठवू का? भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

---

सुरंगी

पाठवू नका, सोबत जा. अठरा पूर्ण नसलेल्या मुलांचा करार कायद्याने धरला जात नाही, त्यामुळे अर्ज आणि पैसे तुमच्या नावावरच करावे लागतील. शिवाय टेबलावर दोन माणसं लागतातच. माझा भाऊ नसता तर मी बाथरूमलाही गेले नसते. तो पैसे बघायचा, मी बोलायची.

तुम्ही टेबलामागे बसा, पण उत्तरं तिला देऊ दे. माझ्या समोरच्या रांगेत एक बाबा होते, मुलीचं प्रत्येक चित्र तेच समजावून सांगत होते. ती बिचारी स्टिकर मोजत बसली होती. दुसऱ्या दिवशी ते चहा आणायला गेले तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला, आणि काय छान बोलत होती!

आधी एखाद्या लहान ठिकाणी करून बघा. शाळेची जत्रा, गणेशोत्सवातलं प्रदर्शन, स्वतः काढून स्वतः छापणाऱ्यांचे छोटे मेळावे. तिथे खर्च कमी आणि बोलायला वेळ जास्त. आणि तिला पाण्याची बाटली, डबा, अंगावर शाल द्या. एसी फार असतो.

---

खिशात_दहा

पैशांचं कसं केलंत? मागे एका प्रदर्शनात माझं नेट गेलं आणि अर्धा दिवस वाया गेला.

---

सुरंगी

गर्दी वाढली की सभागृहात नेट रखडतंच. गिऱ्हाइकाकडून पैसे जातात, आपल्याला मेसेज येत नाही, आणि रांग खोळंबते. माझ्याकडे दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं होती आणि वाण्याकडे असतो तसा बोलणारा डबा भावाने मित्राकडून आणला होता, पण गोंगाटात तो ऐकूच येत नव्हता. शेवटी भाऊ प्रत्येक वेळी समोरच्याच्या पडद्यावरची वेळ आणि रक्कम बघून वहीत टिपत होता. रात्री वही आणि बँक ताडून बघितली, दोनच नोंदी जुळल्या नाहीत.

सुट्टे मात्र भरपूर न्या. दहा, वीस, पन्नासच्या नोटा. लहान मुलांच्या हातात आईबाबांनी दिलेली पाचशेची एकच नोट असते.

---

माडाची_झावळी

गो सुरंगी, पुस्तक खंय गावतला? माझी आये मुंबैत आसा, तिका वाचून दाखवूचा आसा. आनी दुसरो भाग कधी?

---

सुरंगी

निरोप धाडा, मी पोष्टान धाडतंय. उरलेल्या ८९ प्रतींतल्या काही त्या अडतीसमधल्या आहेत, पिनांवर माझ्या नखांच्या खुणा दिसतील, पानं मात्र बरोबर आहेत. मी प्रत्येक प्रत उघडून बघूनच पाठवते.

दुसऱ्या भागाआधी मला नववं पान नव्याने काढायचंय. दोन दिवस लोकांना समोर वाचताना बघितलं, आणि प्रत्येक जण नवव्या पानावर अडखळत होता. वरच्या चौकटीतून नजर खाली यायच्या ऐवजी उजवीकडच्या झाडाकडे जायची, मग परत मागे. घरी बसून मला हे कधी दिसलं नसतं, कारण मला गोष्ट पाठ आहे. आजींचं बोटही तिथेच थांबलं होतं. झाड डावीकडे घेतलंय, फांदी खालच्या चौकटीकडे वळवलीय. काल नववी 'ब'मधल्या चार जणांना वाचायला दिलं. तिघं सरळ खाली गेले. एक अजून अडतोय, त्याला उद्या परत देऊन बघते.